यूलाकॉन : एका तेलकट माशाच्या नावाचा प्रवास

१/
२४ फेब्रुवारी १८०६ ची संध्याकाळ. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोलंबिया नदीच्या मुखाजवळ, ओंडक्यांनी बांधलेल्या फोर्ट क्लॅटसप या लहानशा गढीत मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांच्या मोहिमेतील माणसे पावसाळी हिवाळा कंठत होती. त्या संध्याकाळी क्लॅटसप लोकांचा प्रमुख कोबोवे काही स्त्री-पुरुष आणि मुले यांच्यासह गढीत आला. त्यांनी विक्रीस आणलेल्या मालात समुद्री पाणमांजराचे कातडे होते, टोप्या होत्या, स्टर्जन मासा होता. आणि नदीत नुकतेच चढू लागलेले, वीतभर लांबीचे चंदेरी मासेही होते.

२/
लुईसने रोजनिशीच्या पानावर, मजकुराच्या मध्येच, या माशाचे चित्र काढले. ते आजही अमेरिकी अन्वेषणाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध पान मानले जाते. कित्येक आठवडे एल्क हरणाच्या रोडक्या, अनेकदा नासक्या मांसावर दिवस काढलेल्या त्या माणसाने या माशाची मनापासून स्तुती केली. स्थानिक लोकांप्रमाणे काडीत ओवून विस्तवावर भाजावा, तो मुळातच इतका स्निग्ध की वेगळे काही लावण्याची गरज नाही, असा त्याचा अभिप्राय.

३/
मोहिमेच्या नोंदींत माशाचे स्थानिक नावही येते : 'ऑल्थेन'. ज्यांनी हे नाव उच्चारले त्यांची भाषा लिहिणाऱ्यांना येत नव्हती. कानावर पडले तसे त्यांनी ते इंग्रजी अक्षरांत उतरवले. या एका शब्दाच्या पुढे अनेक वाटा फुटल्या. त्यांतील एक वाट थेट अमेरिकेच्या एका राज्याच्या नावापर्यंत जाते, असा दावा २००१ मध्ये करण्यात आला. आजचा थ्रेड त्या माशाविषयी, त्या शब्दाविषयी आणि त्या दाव्याविषयी.

४/
प्रथम मासा. इंग्रजीत त्याला यूलाकॉन म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून अलास्कातील बेरिंग समुद्रापर्यंतच्या किनाऱ्यालगत तो आढळतो. जन्म नदीत, आयुष्याची बहुतेक वर्षे समुद्रात, आणि हिवाळ्याच्या अखेरीस अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत, असा त्याचा क्रम असतो. अंडी घातल्यानंतर बहुतेक मासे मरतात. त्याच्या शरीराच्या वजनाचा सुमारे १५ ते २० टक्के भाग निव्वळ तेलाचा असतो, आणि त्याच्या सर्व इतिहासाचे मूळ या तेलात आहे.

५/
हे तेल इतर बहुतेक मत्स्यतेलांसारखे सदैव पातळ राहत नाही. थंड हवेत ते थिजते आणि रंगरूपाने तुपासारखे दिसते. थिजलेले तेल सांडत नाही, पाठीवरून दूर नेता येते. किनाऱ्यावरील लोक सुकवलेले मासे, मुळे आणि रानफळे या तेलात बुडवून खात. फळे त्यात मुरवून टिकवीत. औषध म्हणून आणि मानाची भेट म्हणूनही ते वापरीत.

६/
तेल काढणे हे कसबाचे काम. पकडलेले मासे खड्ड्यांत किंवा पेट्यांत घालून आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ मुरू देत. नंतर ते पाण्यात घालून ते पाणी तापवत. पूर्वी त्यासाठी विस्तवात तापवलेले दगड पाण्यात सोडत. तेल वर तरंगू लागले की ते अलगद काढून, गाळून, देवदाराच्या लाकडी पेट्यांत भरत. किती दिवस मुरवायचे, पाणी किती तापवायचे यावर तेलाची चव ठरे. प्रत्येक नदीकाठची पद्धत निराळी, आणि प्रत्येकाला आपलेच तेल उत्तम वाटे.

७/
आता नावे. या माशाला मिळालेली नावे एकापाठोपाठ ठेवली तर नाव ठेवणाऱ्यांच्या गरजाच वाचता येतात. किनाऱ्यावरील लोकांसाठी तो 'तारणारा मासा' होता. हिवाळ्यासाठी साठवलेले अन्न संपत आलेले असे, सामन मासा यायला अवकाश असे, आणि नेमक्या त्या उपासमारीच्या तोंडावर हा मासा नदीत शिरे.

८/
गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि वसाहतवाल्यांनी त्याला 'मेणबत्ती-मासा' म्हटले. सुकवलेल्या माशाच्या अंगात वात घालून पेटवली की तो मेणबत्तीसारखा जळतो. एका समाजासाठी जे दुष्काळातील अन्न, ते दुसऱ्यासाठी नवलाची वस्तू ठरले.

९/
शास्त्रज्ञांची पाळी नंतर आली. १८३६ मध्ये जॉन रिचर्डसन यांनी या माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला पॅसिफिक महासागराशी जोडणारे 'पॅसिफिकस' हे जातिनाम दिले. १८५८ मध्ये चार्ल्स जिरार्ड यांनी त्याच्यासाठी 'थेलिक्थिस' ही स्वतंत्र प्रजाती मांडली. हा शब्द ग्रीक आहे. अर्थ 'समृद्ध मासा'. तेलाने भरलेल्या देहाकडे पाहूनच हे नाव सुचले.

१०/
या साऱ्यांत मूळ रहिवाशांच्या भाषांतील नावे मात्र आपापल्या जागी टिकून होती. उत्तरेकडे निसगा आणि त्लिंगिट लोक त्याला 'साक' म्हणतात. नास नदीच्या खोऱ्यातील निसगा लोकांचा नववर्षाचा उत्सव 'होबियी' याच माशाच्या आगमनाशी जोडलेला आहे. हिवाळ्याच्या अखेरीस दिसणाऱ्या चंद्रकोरीची टोके वर वळलेली असली, ती लाकडी पळीसारखी दिसली, तर यंदा मासा भरपूर येणार असे मानतात.

११/
इंग्रजीने जो शब्द उचलला तो दक्षिणेकडचा, कोलंबियाच्या मुखाजवळील चिनुक भाषासमूहातला. भाषाशास्त्रज्ञ त्याचे क्लॅटसप रूप ढोबळमानाने 'ऊल्खन' असे देतात. परंतु त्यातील 'ल्' हा मराठी 'ल' नव्हे. जीभ 'ल'च्या जागी ठेवून, कंठ न थरथरवता, तिच्या कडांवरून नुसती हवा सोडली की होणारा तो घर्षणध्वनी आहे. पुढचा 'ख'ही घशातून घासून येणारा. इंग्रजीत हे दोन्ही ध्वनी नाहीत.

१२/
मराठी 'ळ' इंग्रजी अक्षरांत गेला की त्याचा 'ल' होतो आणि मूळ उच्चार लिहिणाऱ्याबरोबरच हरवतो. तसेच येथे झाले. कोणी तो ध्वनी 'ल्थ' असा ऐकला. त्यातूनच मोहिमेच्या नोंदींतील 'ऑल्थेन'. कोणी नुसता 'ल' ऐकला. त्यातून 'ऊलाकन', 'ऊलिकन', 'यूलाकॉन'. एकाच शब्दाची इतकी स्पेलिंगे आढळतात की जुन्या कागदपत्रांत हा मासा शोधणाऱ्या अभ्यासकाला एका नावाने शोधून भागत नाही.

१३/
हा शब्द दूरवर पोहोचवला तो 'चिनुक जार्गन' किंवा 'चिनुक वावा' या व्यापारी भाषेने. चिनुक, नूटका, फ्रेंच आणि इंग्रजी शब्दांच्या मिश्रणातून बनलेली ही बोली किनाऱ्यावरील परस्परांच्या भाषा न जाणणाऱ्या लोकांना जोडत असे. तिच्यात या माशाचे नाव 'ऊलाकन' असे रूढ झाले आणि तेथून ते इंग्रजीत शिरले. ज्या वस्तूचा व्यापार मोठा, तिचा शब्द लांब जातो.

१४/
अलास्कात याच शब्दाचे 'हूलिगन' झाले. इंग्रजीत 'हूलिगन' म्हणजे गुंड. मात्र तो शब्द वेगळा. १८९० च्या दशकात लंडनच्या वृत्तपत्रांतून तो रूढ झाला. दोघांचा परस्परसंबंध नाही. अपरिचित ध्वनी कानाला ओळखीच्या शब्दात बसवून घेण्याची माणसाची सवय एवढेच त्याचे कारण. व्युत्पत्तीचा अभ्यास करणाऱ्याने ही सवय ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा वाद तिच्याभोवती फिरतो.

१५/
आता वाटा. किनाऱ्यावरून डोंगर ओलांडून आतल्या प्रदेशात जाणाऱ्या पायवाटांना इंग्रजीत 'ग्रीस ट्रेल', म्हणजे चरबीच्या वाटा, असे नाव पडले. किनाऱ्याकडून तेल जाई. आतून कातडी, फर आणि इतर माल येई. १७९३ मध्ये अलेक्झांडर मॅकेन्झी जमिनीवरून पॅसिफिकपर्यंत पोहोचला. मेक्सिकोच्या उत्तरेस खंड ओलांडणारा पहिला युरोपीय म्हणून पाठ्यपुस्तके त्याचा गौरव करतात. त्याच्या प्रवासाचा शेवटचा मोठा टप्पा स्थानिक वाटाड्यांच्या मदतीने अशाच एका तेलाच्या वाटेवरून पार पडला होता. ती वाट न्यूहॉक लोकांच्या बेला कूला खोऱ्यात उतरते.

१६/
म्हणजे 'अज्ञात प्रदेश' अज्ञात नव्हता. तेथे रस्ते होते आणि रस्त्यांवर व्यापार होता. हे ध्यानात घेतले की पुढील प्रश्नाचे वजन कळते. जर तेल एवढे दूर जात होते, तर तेलाबरोबर त्याचे नावही आणखी पूर्वेकडे गेले असेल काय?

१७/
ओरेगन हे नाव कोठून आले, हे अमेरिकी स्थलनामांच्या अभ्यासातील एक जुने कोडे आहे. ओरेगन १८५९ मध्ये राज्य झाले, पण नाव त्याहून जुने. १७६५ मध्ये रॉबर्ट रॉजर्स या सेनाधिकाऱ्याने लंडनमध्ये एक अर्ज केला. पश्चिमेकडील समुद्राला मिळणारा जलमार्ग शोधण्यासाठी मोहीम काढावी, असा तो अर्ज होता. त्यात मूळ रहिवासी 'ऊरागॉन' म्हणतात अशा एका नदीचा उल्लेख आहे. १७७२ च्या दुसऱ्या अर्जात त्याने तेच नाव 'ऊरिगन' असे लिहिले.

१८/
रॉजर्सने ती नदी कधी पाहिली नाही. त्याने धाडलेला जोनाथन कार्व्हरही आजच्या मिनेसोटाच्या फारसा पुढे गेला नाही. तरीही १७७८ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात कार्व्हरने 'ओरेगन' हे नाव प्रथम मुद्रित केले. हे नाव रॉजर्सकडून आले, याचा उल्लेख त्याने केला नाही. जी नदी दोघांनीही पाहिली नाही, तिचे नाव पुढे नकाशांवर आणि कवितांत स्थिरावले. पश्चिमेला वाहणाऱ्या ज्या महानदीशी ते जोडले गेले, तिला १७९२ मध्ये रॉबर्ट ग्रेने आपल्या जहाजावरून 'कोलंबिया' म्हटले. 'ओरेगन' मग त्या प्रदेशाला लागले.

१९/
मग रॉजर्सला तो शब्द कोठे मिळाला? उत्तरे अनेक सुचवली गेली. कोणी फ्रेंच 'ऊरागान', म्हणजे वादळ, पुढे केला. कोणी मोठ्या कानांसाठीचा स्पॅनिश शब्द. १९४४ मध्ये जॉर्ज आर. स्टुअर्ट यांनी नकाशातील चूक दाखवली : अठराव्या शतकाच्या आरंभीच्या एका फ्रेंच नकाशात विस्कॉन्सिन नदीचे नाव चुकीचे कोरले गेले आणि त्याचे दोन तुकडे पडले. वरचा तुकडा 'वारिकॉन'सारखा वाचला जातो, आणि नदी पश्चिमेकडे वाहत असल्याचा भास होतो. हा खुलासा अनेक दशके मान्य होता.

२०/
२००१ मध्ये 'ओरेगन हिस्टॉरिकल क्वार्टर्ली' या नियतकालिकात स्कॉट बायरम आणि डेव्हिड लुईस यांनी निराळे उत्तर मांडले. यांतील डेव्हिड लुईस हे ओरेगनमधील ग्रँड रोंद समुदायाचे. १८०६ च्या लुईसशी त्यांचा फक्त नामसाम्याचा संबंध. त्यांचे म्हणणे असे : 'ऊलाकन' हा शब्द तेलाच्या व्यापाराबरोबर पूर्वेकडे क्री भाषकांपर्यंत गेला. क्रीच्या काही बोलींत 'ल'च्या जागी 'र' येतो. तेथे 'ऊलाकन'चे 'ऊरिगन' झाले, आणि तेच रॉजर्सच्या कानी पडले.

२१/
या मांडणीचे आकर्षण उघड आहे. पश्चिम किनाऱ्यावरील राज्याच्या नावासाठी आजवर फ्रान्स, स्पेन, लंडन आणि पूर्वेकडील नकाशे धुंडाळले गेले. त्याच किनाऱ्यावरील लोकांचा शब्द, त्यांची मुख्य संपत्ती आणि त्यांचे रस्ते प्रथमच इतक्या गंभीरपणे केंद्रस्थानी आले. नाव जर माशाचे असेल, तर राज्याचे नाव म्हणजे मूळ रहिवाशांच्या खंडव्यापी व्यापाराची पावतीच ठरते.

२२/
परंतु आकर्षक असणे हा पुरावा नव्हे. २००४ मध्ये त्याच नियतकालिकात भाषाशास्त्रज्ञ आइव्ह्ज गॉडर्ड आणि मानववंशशास्त्रज्ञ थॉमस लव्ह यांनी प्रतिवाद केला. त्यांच्या मते शब्दाचे मूळ पूर्वेकडील अल्गोंक्वियन भाषांतच आहे. तेथे 'वॉरिगन'सारख्या शब्दाचा अर्थ 'सुंदर', आणि ओहायो नदीला 'सुंदर नदी' म्हणण्याची परंपरा होती. रॉजर्सचे सैनिकी आयुष्य पूर्वेकडील मूळ रहिवासी सहकाऱ्यांबरोबर गेले होते. शब्द त्याच्याजवळच होता. तो आणण्यासाठी पर्वतरांगा ओलांडण्याची गरज नव्हती.

२३/
दोन्ही बाजू तोलून पाहाव्यात. माशाच्या मांडणीतील प्रत्येक कडी शक्य कोटीतील आहे : तेलाचा व्यापार खरा, वाटा खऱ्या, 'ल'चा 'र' होणे खरे. पण सर्व कड्या एका साखळीत गुंफणारा लिखित दुवा हाती नाही. 'सुंदर नदी'च्या मांडणीत बोलणारा, ऐकणारा आणि लिहिणारा यांच्यातील अंतर कमी आहे, आणि व्युत्पत्तीत कमी अंतराचे पारडे सहसा जड असते. तूर्त झुकते माप तिकडे द्यावे लागते. निर्णय अंतिम मात्र नाही.

२४/
मग २००१ चा निबंध वाया गेला काय? मुळीच नाही. त्याने चुकीचे उत्तर दिले असेल, पण प्रश्न योग्य दिशेने विचारला. ओरेगन हे नाव माशाचे नसले तरी तेलाच्या वाटा होत्याच, मॅकेन्झी त्यांच्यावरून चाललाच, आणि 'यूलाकॉन' हा इंग्रजी शब्द चिनुक लोकांचाच आहे. एखाद्या समाजाचे महत्त्व सिद्ध करण्यासाठी राज्याचे नाव त्याच्या पदरात पडणे आवश्यक नसते. तो मोह आवरणे हेही इतिहासलेखनाच्या शिस्तीत येते.

२५/
तेलाला दिलेल्या किमतीचा आणखी एक दाखला कायद्याच्या पुस्तकात सापडतो. व्हँकूव्हर बेटाच्या परिसरातील क्वाक्वाक्यावाक्व लोकांत हे तेल मोठ्या मेजवान्यांत वाटले जाई. जो अधिक वाटेल त्याचा मान मोठा. भेटी वाटण्याच्या अशा समारंभांना 'पोटलॅच' म्हणतात. कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून पोटलॅचवर बंदी घातली. ती १९५१ मध्ये उठली. संपत्ती साठवून नव्हे, वाटून प्रतिष्ठा मिळते ही कल्पना त्या सरकारला गुन्हा वाटली.

२६/
आज प्रश्न नावाचा उरलेला नाही, माशाचा आहे. मॅकेन्झी ज्या खोऱ्यात उतरला त्या बेला कूला नदीत १९९९ नंतर मासा जवळजवळ दिसेनासा झाला. दक्षिणेकडे, कोलंबियाच्या खोऱ्यातील काउलिट्झ समुदायाने २००७ मध्ये अमेरिकी सरकारकडे संरक्षणासाठी अर्ज केला, आणि २०१० मध्ये या माशाच्या दक्षिणेकडील समूहाला 'संकटग्रस्त' म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. तापणारा समुद्र, कोळंबीच्या जाळ्यांत अजाणता होणारी मासेमारी आणि बदललेल्या नद्या ही कारणे सांगितली जातात.

२७/
सरकारी यादीत तो ग्रीक-लॅटिन नावाने नोंदला आहे. कोलंबियाच्या मुखाजवळील चिनुक लोकांचा शब्द त्याच्या शेजारी, इंग्रजी स्पेलिंगमध्ये, अर्धामुर्धा ऐकलेला. मासा नदीत आला नाही तर तेल काढण्याची रीत पुढच्या पिढीला दाखवता येत नाही. खड्डा, पळी, गाळणे, मुरवणे यांच्यासाठी असलेले शब्द वापरावाचून पडून राहतात. शब्दकोशात ते उरतील, पण तोंडी उरणार नाहीत.

२८/
स्थलनामांची एखादी चमकदार व्युत्पत्ती समोर आली, की या माशाची आठवण ठेवून तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द प्रथम कोणी, कोणत्या साली लिहिला? लिहिणाऱ्याने तो कोणाकडून ऐकला असणे शक्य होते? आणि उत्तर पटते आहे ते पुराव्यामुळे, की ते आवडले म्हणून?

२९/
उत्तरेकडे, नास नदीवर, मासा अजून येतो. २००० मध्ये अमलात आलेल्या निसगा करारात या माशावरील त्या लोकांचा हक्क नोंदला आहे. हिवाळा सरत आला की तेथे चंद्रकोरीकडे पाहिले जाते, जाळी बाहेर निघतात आणि काठावर तेलासाठी विस्तव पेटतात. तेथे त्याला यूलाकॉन म्हणण्याची गरज पडत नाही. 'साक' एवढेच पुरते.